पुढचं कोण ओळखतंय

१

मला कामावर ठेवलं होतं ते चुकण्यासाठी. नवरा म्हणायचा, घरी फुकट करत होतीस, तेच आता पगारावर करतेस.

काम असं होतं. संशोधन करणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी एक भाषा बनवली होती. तिच्यात शब्द नव्हते, नुसत्या चार खुणा: गोल, चौकोन, त्रिकोण आणि आडवी रेघ. कुठल्या खुणेमागून कुठली येऊ शकते याचे नियम मॅडमनी ठरवले होते, आणि ते मला सांगायचे नव्हते. मी पडद्यासमोर बसायचं, आलेल्या खुणा बघायच्या आणि पुढची ओळखून तिचं बटण दाबायचं. बरोबर आलं तर काहीच व्हायचं नाही. चुकलं की टेबलाला जोडलेला पत्र्याचा डबा वाजायचा. टक. शेंग फोडल्यासारखा, कोरडा.

खोलीत दुसरा आवाजच नव्हता. खिडकीला जाड पडदा, पायाखाली गालिचा, दाराच्या कडेला रबर. पहिल्या दिवशी माझी टकटक ऐकून मी रडकुंडीला आले. म्हटलं, मॅडम, माझी सातवी झालीय, मला कशाला बसवता इथं? त्या म्हणाल्या, ही भाषा कोणाच्याच ओळखीची नाही, तेव्हा इथं सगळेच बालवाडीत. आणि मग त्यांनी नीट समजावलं.

"टक म्हणजे बातमी. दूधवाला रोज येतो, आजही आला, तर त्यात सांगण्यासारखं काय? नाही आला, तर तुम्ही चार घरी सांगाल. जे आधीच कळलेलं असतं त्यात बातमी नसते. किती टक वाजले त्यावरून मला कळतं, या ओळीत खरोखर किती सांगितलं गेलंय."

मी म्हटलं, मग आमचे हे बोलतात त्यात तर काडीची बातमी नसते. मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसायला लागल्या.

पुढे पुढे हात बसला. नियम मला कोणी सांगितले नाहीत, पण बोटांना कळत गेले. टक विरळ झाले. शेवटी एक पान असं आलं की डबा एकदाही वाजला नाही. मॅडमनी ते पान लगेच पुसून टाकलं. मला चुटपुट लागली, एवढं भरलेलं पान! त्या म्हणाल्या, "ठेवायचं कशाला? नियम हाती आलाय. त्याच्यातून हवं तेव्हा तेच पुन्हा काढता येईल. पान असलं काय, नसलं काय."

तेव्हा मला ते पटलं होतं.

२

आमचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. मी कामाला गेले की मिरीला समोरच्या वहिनी बघायच्या. मिरी म्हणजे आमची मुलगी. मिरीच्या दाण्याएवढी झाली होती म्हणून मिरी. आता वर्षाची होऊन गेली होती, तरी माझा जीव तेवढाच. दवाखान्यातल्या नर्सताईंनी सांगितलं होतं, मुलाला वळण लागतं ते वेळेनं. मी ते देववाणीसारखं धरलं. आंघोळ, खाणं, झोप, सगळं ठरल्या वेळी. खाली सोडायची नाही, जमिनीवर काय काय असतं. एक तर कडेवर, नाहीतर कठड्याच्या कॉटमध्ये.

एका दुपारी तिला भरवत होते. रोज तोंड उघडणाऱ्या मिरीनं त्या दिवशी वाटी हिसकावली आणि डोक्यावर पालथी घातली.

टक.

मी हसत होते ती थांबले. आवाज आमच्याच खोलीतला होता. फ्रिज असेल म्हटलं. फ्रिजला कान लावला. मग मिक्सर बघितला, पंख्याचं बटण बघितलं, कपाटामागं सुद्धा हात घालून बघितला. काही नव्हतं. मिरीचं डोकं पुसताना साबणाची वडी निसटून थेट कढईत पडली.

टक.

नवरा संध्याकाळी आला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, आवाजावरून बिघाड ओळखतो, म्हणून त्याला सांगितलं. त्यानं भिंतीला पाना ठोकून बघितला आणि निकाल दिला: गिरणीवाल्याला झोपेत गिरणी ऐकू येते, तुला डबा ऐकू येतो, बिघाड तुझ्यात आहे.

मीही तेच म्हणून गप्प बसले. पण मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच. कारण डबा वाजतो कधी, ते मला चांगलं ठाऊक होतं. कोणीतरी पुढचं ओळखायला बसलेलं असावं लागतं. आणि ते चुकावं लागतं.

३

आमच्या भिंतीला भिंत लागून कुलपवाले काका राहत. म्हातारे, एकटे, घरातच किल्ल्या घासून देत. त्यांचा दिवस म्हणजे कवायत. आधी खोकला, मग स्टूल ओढल्याचा आवाज, मग नळ, मग कानस. पुन्हा खोकला. सगळा मजला त्यांच्या खोकल्यावर घड्याळ लावायचा.

घरातले टक ऐकायची सवय लागल्यावर माझ्या लक्षात आलं, काकांच्या बाजूनं एकही टक येत नाही. आमच्याकडे दिवसातून कितीतरी, त्यांच्याकडे शून्य. मला आधी गंमत वाटली. म्हटलं, काका एवढे सरळ की ओळखायला बसलेल्या भुताला सुद्धा पाठ झाले.

मग आमच्या मोरीच्या दाराची किल्ली हरवली आणि मी मिरीला कडेवर घेऊन त्यांच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खोकला. स्टूल ओढल्याचा आवाज. मी "काका" म्हणत दार ढकललं.

खोलीत कोणी नव्हतं.

स्टूल होतं, त्याच्यावर धूळ होती. बोटानं नाव काढता येईल एवढी. नळाखालची बादली कोरडी, कडेला चुन्याची पांढरी रेघ. शिकंज्याच्या पकडीत एक अर्धवट घासलेली किल्ली, तिला गंज चढलेला. मी उंबऱ्यावरच उभी होते आणि नळ वाजला. पाणी पडल्याचा आवाज झाला, बादली कोरडीच. मग कानस सुरू झाली. खर्र, खर्र, खर्र. किल्ली जागची हलली नाही. आणि मग स्टुलाच्या वर, बसलेल्या माणसाचं तोंड जिथं येईल तिथं, काका खोकले.

मिरीनं त्या जागेकडे हात पुढे केला, पूर्वी काका दिसले की झेपावायची तसा. मी तो हात धरून मागे ओढला.

समोरच्या वहिनींना गाठलं. काका कुठं गेलेत? वहिनी डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जातायत कुठं? आहेत की आत. आत्ताच खोकले."

वहिनींना शेवटचे कधी दिसले, तेही विचारलं. दिसायला कशाला हवेत, म्हणाल्या, ऐकू येतात की रोज.

४

त्या दिवसापासून मी घरात कान टवकारून वावरायला लागले. नवऱ्याचे टक दिवसाला एखाद-दुसरे. बूट दोन, धप धप, अवजारांची पिशवी खुंटीला, "आलो गं". माझे त्याहून थोडे जास्त, कारण मी वेंधळी. पण माझं लक्ष मिरीवर होतं. एवढ्याशा पोरीचे टक तर लाह्या फुटल्यासारखे यायला हवेत. यायचेही. ते कमी होत चालले होते.

वळण लागलं होतं ना. आंघोळीला रडायची ते ठरल्या क्षणी, जांभई दिली की मूठ डोळ्यावर, घास घेतला की पाय आपटायची. नर्सताईंनी शाबासकी दिली असती.

मी सगळं वळण मोडायचं ठरवलं. सकाळची आंघोळ संध्याकाळी. उशी पायथ्याशी. जेवण आधी, भूक मागून. अंगाईगीत उठवताना म्हटलं. मिरीला वाटलं आई खेळतेय, ती खिदळत सुटली, आणि भिंती नुसत्या टकटकल्या. मला इतकं बरं वाटलं की मी नवऱ्याचे बूट खुंटीला आणि पिशवी जमिनीवर ठेवली. तो म्हणाला, माहेरी जायचं असेल तर सरळ सांग.

दोन-तीन दिवस भिंती वाजल्या. मग पुन्हा शांत झाल्या.

मॅडमना मी घरचं काही सांगितलं नाही. कामाचं विचारतेय असं दाखवून म्हटलं, समजा एखादी भाषा मुद्दाम सगळं उलटं करायला लागली, तर ओळखणारा फसेल ना? त्या म्हणाल्या, चार ओळी फसेल. "उलटं वागणं हाही नियमच. एकदा कळलं की तेवढाच सोपा." मी म्हटलं, मग फासे टाकून वागलं तर? त्या म्हणाल्या, फाशांपुढे ओळखणारा कायम चुकतो खरा, टक भरपूर वाजतात, पण फासे टाकून कोणी कोणाशी बोलत नाही. ते कोणाचंच बोलणं नसतं.

मी विचारलं, ओळखणारा कंटाळत नाही का?

"कशाला कंटाळेल?" मॅडम म्हणाल्या. "तो शिकत असतो."

५

मी भाकरीचं पीठ भिजवत होते आणि मिरी आतल्या खोलीत कॉटमध्ये होती. खुळखुळा वाजला. मला वाटलं, आता टाच कठड्यावर आपटेल. आपटली. आता "ब्बा" म्हणेल. म्हणाली. आता हसेल, मग थोडं थांबून खुळखुळा. हसली. थांबली. खुळखुळा वाजला.

माझे हात पिठात तसेच राहिले. मी पुढचं ओळखत गेले आणि पुढचं येत गेलं. टाच. ब्बा. हसू. खुळखुळा. एकही टक नाही. असं ठरल्यासारखं मी आधी कुठं ऐकलं होतं, ते आठवायला मी काकांच्या भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. गरजच नव्हती.

मधे पाच पावलांची जागा. मी स्वतःला समजावत होते की आई आहेस, आईला लेकराचं सगळं कळतंच, त्यात भिण्यासारखं काय? पण पाय उचलेना. दाराआडून बघेपर्यंत मिरी आहेही आणि नाहीही, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात आलं होतं. शेवटी मी तो विचार लाथेनं उडवल्यासारखा पडदा उडवला.

मिरी होती. कठडा धरून उभी होती आणि दाराकडेच बघत होती. खुळखुळा कोपऱ्यात पडलेला, तिच्या हातापासून लांब.

खुळखुळा वाजला.

टाच आपटल्याचा आवाज आला. मिरीचे दोन्ही पाय गादीवर टेकलेले होते. "ब्बा" आलं. मग हसू आलं, तिचंच, शेवटी उचकी लागल्यासारखं असतं ते. मिरीचं तोंड मिटलेलं होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचा खालचा ओठ थरथरत होता, जसं काही तिलाही कळलं होतं की आपल्यावाचून आपलं चाललंय.

६

पिठाच्या हातांनी तिला उचललं. कोमट, अंगाला दुधाचा वास. पण किती हलकी वाटली ते मी लिहिणार नाही.

आणि मग मला भीती वाटायची सोडून राग आला. असा राग मला बाळंतपणात सुद्धा आला नव्हता. त्या रिकाम्या कॉटकडे तोंड करून मी म्हटलं, "संसाराला चार वर्षं झाली, माझ्या नवऱ्याला अजून मी कळले नाही. तू कोण टिकोजीराव लागून गेलास?"

मग खुळखुळा, आपल्या ठरल्या वेळी.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि डोकं चालवलं. नीट वागले, ते पाठ झालं. उलटं वागले, तेही पाठ झालं. फासे टाकून पोर वाढवता येत नाही. म्हणजे मी काहीही केलं तरी ते माझंच असणार, आणि मला तर ते पुरतं ओळखून बसलंय. पण मिरीला ते कुठं ओळखतं? मिरी जे करते ते सगळं माझ्या कडेवरून करते, माझ्या कॉटमधून करते, माझ्या चमच्यानं करते. भिंतींना जी मिरी पाठ झालीय ती मी वळण लावलेली मिरी. माझा हात नसताना ही पोर काय करेल, ते मलाच ठाऊक नाही. मला ठाऊक नाही, तर त्याला कुठून असणार?

मी तिला घेऊन तीन जिने उतरले आणि गल्लीत आले. एका बाजूला वेल्डिंगचं दुकान, दुसऱ्या बाजूला लाँड्री, मधे उभ्या केलेल्या दुचाक्या, उघडं गटार, एक पिवळा कुत्रा. मला ज्याची ज्याची धास्ती ते सगळं तिथं मांडून ठेवल्यासारखं. मी खाली वाकले. हात सुटेनात. एक एक बोट सोडवावं लागलं, माझंच, माझ्याच हातानं.

मिरी जमिनीवर उभी राहिली. हलली. बसली. बाटलीचं एक बूच उचलून ते सूर्याला दाखवलं.

टक.

भर रस्त्यात, दुकानांच्या गोंगाटात, मला स्वच्छ ऐकू आलं. मिरी उठली, दोन पावलं टाकली, आपल्या सावलीवर पाय द्यायला गेली, सावली सरकली तशी तिच्यावर ओरडली. टक, टक. कुत्र्याच्या शेपटीकडे निघाली आणि मधेच विसरून लाँड्रीच्या ओल्या चादरीत शिरली. चादरीतून तिचा एक पाय तेवढा दिसत होता. लाँड्रीवाला म्हणाला, ताई, पोरगी धुवायला टाकलीय का? मी हसले नाही, मी ऐकत होते. टक आता एकमेकांवर चढत होते, त्यांना मधे श्वास घ्यायला जागा नव्हती. ती गटाराच्या काठावर गेली तेव्हाही मी एक हात अंतर ठेवून नुसती मागे चालत राहिले. तिनं गटारात बूच टाकलं, वाकून बघितलं, आणि हसली.

तोंड उघडून हसली. दोन दात दिसले.

७

संध्याकाळी जिना चढताना नवरा खालून आला. पिशवी खांद्यावर, बूट पायात, मिरीचे काळे गुडघे बघून त्याचे डोळे मोठे. हिला खाली कोणी सोडली, असं तो विचारणार होता, तेवढ्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि त्यानं किल्ली काढली.

आतून आवाज आला. धप. धप. पिशवी खुंटीला लागली. आणि त्याचाच आवाज म्हणाला, "आलो गं."

मग माझा आवाज म्हणाला, "हात धुवून घ्या."

नळ सुटला. ताटं मांडली गेली. आतल्या खोलीत खुळखुळा, टाच, ब्बा, हसू. सगळं कसं वेळच्या वेळी. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, किती गुण्यागोविंदानं चाललंय.

नवऱ्याच्या हातात किल्ली कुलपापासून वीतभर थांबली होती. तो माणूस आवाजावरून बिघाड ओळखतो. त्यानं कान दिला, आणि त्या आवाजांत बिघाड नव्हता, हेच त्याला सहन झालं नाही.

"आत कोण आहे?"

"आपणच," मी म्हटलं.

समोरच्या वहिनींनी दार किलकिलं केलं, आमच्या दाराकडे कान दिला, समाधानानं मान हलवली आणि दार लावून घेतलं. आम्ही तिघं त्यांच्यासमोर उभे होतो.

नवऱ्यानं किल्ली पुढे केली. मी त्याचं मनगट धरलं. उघडलं असतं तर धूळ दिसली असती, दुसरं काय? आणि ती कोणाच्या जागांवर असती तेही मला बघायचं नव्हतं. आत माझा आवाज रोजचं काहीबाही बोलत होता, डाळ संपलीय, नळ गळतोय, आणि मला प्रत्येक पुढचा शब्द येत होता. मी दारावर थाप मारली.

"राहा आत," मी म्हटलं. "भांडी तेवढी घासून ठेव."

आतला माझा आवाज वाक्याच्या मधे तुटला. मग दाराच्या अगदी पलीकडून, लाकडाला ओठ लावल्यासारखा, एकच टक.

आम्ही जिना उतरलो. मिरी माझ्या कडेवर नव्हती. ती उलटी होऊन, पोटावर घसरत, एक एक पायरी स्वतः उतरत होती आणि आम्ही दोघं मोठी माणसं तिच्या मागे एक एक पायरी थांबत होतो. खाली दारात नवरा म्हणाला, आता जायचं कुठं? त्याच्या आवाजात पहिल्यांदाच मला ठाऊक नसलेलं काहीतरी होतं.

मला ठाऊक नाही, म्हटलं, हिला विचारा.

मिरी उंबऱ्यावर उभी राहिली. एकदा वेल्डिंगच्या ठिणग्यांकडे बघितलं, एकदा दुसऱ्या बाजूच्या अंधाऱ्या बोळाकडे. नवऱ्यानं बोट पुढे केलं, मी ते खाली केलं. मी खाकरले सुद्धा नाही. तिनं आपल्या मनानं पाऊल उचलेपर्यंत आम्ही दोघं तिच्या मागे थांबून होतो.